रजई तोलावी की मोजावी?

धुळे–सोलापूर महामार्गाने सोलापूरकडे जाताना गोदावरीचा पूल येण्याआधी शहागड लागते. नदीच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. दिवाळी सरते, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात, पहाटे नदीवर धुके दिसू लागते आणि रस्त्याच्या कडेला रजया-ब्लँकेटांचे ढीग लागतात. याच दिवसांत आजूबाजूच्या शेतांत कापसाची वेचणी चालू असते. जालना हे तर कापसाच्या बियाण्यासाठी देशभर माहीत असलेले शहर. तरीही ढिगातली रजई उचलून विचारले, ‘आत काय आहे?’ तर उत्तर येते, ‘फायबर’.

फायबर म्हणजे पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ज्या बहुवारिकापासून धागा काढला, तेच हे. आपल्या आधीच्या पिढीला ते ‘टेरीन’ आणि ‘टेरीकॉट’ या नावांनी ठाऊक होते. पाण्याच्या बाटल्याही याच पदार्थाच्या, आणि वापरलेल्या बाटल्या वितळवून आज रजईत भरण्याचा तंतू काढतात. मुलांना हे सांगून पाहा, एकदोघे तरी रजई हुंगून बघतात.

कापसाच्या मुलखात प्लास्टिकची रजई आली म्हणून गळा काढण्यासाठी हा लेख नाही. ती काही बाबतींत कापसाच्या रजईपेक्षा चांगली आहे, ते पुढे येईलच. माझी तक्रार आहे ती आपण रजई कशी निवडतो याबद्दल, वेष्टनावर काय छापतात याबद्दल आणि ‘रजईत ऊब का येते?’ या प्रश्नाला आपण वर्गात जे अर्धे उत्तर देतो त्याबद्दल. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे मला एका चुकीतून कळले.

काही वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका हंगामी वसतिगृहाची खरेदी आम्हा तिघा शिक्षकांकडे आली. आईवडील फडावर आणि मुले शाळेपुरती गावात, अशी ती व्यवस्था. पैसे मोजकेच होते. दुकानदाराने सारख्या किमतीच्या दोन रजया पुढे टाकल्या. एक फुगीर आणि हलकी, सव्वा-दीड किलोची. दुसरी चपटी पण हाताला चांगली जड. आमच्यातल्या ज्येष्ठांनी दोन्ही हातांत तोलून पाहिल्या आणि जड रजईवर शिक्कामोर्तब केले. मी विज्ञान शिकवतो. मीही मान डोलावली.

त्या थंडीत मुले रजई अर्धी खाली आणि अर्धी वर घेऊन, अंगाचे मुटकुळे करून झोपत. दुसऱ्या वर्षी रजयांत गोळे झाले. गोळ्यांच्या मधे नुसते कापड हाताला लागे. एका रजईची शिवण उसवून पाहिली, तर आत कापडाच्या चिंध्या पिंजून केलेले आखूड, सरळ, रंगीबेरंगी भरण होते. वजन मात्र पहिल्या दिवशी होते तेवढेच होते, अगदी ग्रॅमला ग्रॅम.

आता वर्गातल्या उत्तराकडे वळू. ‘लोकर, कापूस हे उष्णतेचे दुर्वाहक आहेत, म्हणून ते उबदार असतात.’ मार्गदर्शकांत हे असेच सापडते आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. थोडे पुढे गेलेले शिक्षक ‘त्यांत हवा कोंडलेली असते’ असे जोडतात. ते बरोबर आहे. पण किती हवा? हा आकडा आपण कधी काढत नाही, आणि सगळी गंमत त्या आकड्यातच आहे.

दीड मीटर रुंद आणि २.२ मीटर लांब अशी एकेरी रजई घ्या. क्षेत्रफळ ३.३ चौरस मीटर. आतले पॉलिएस्टर १.३ किलो आहे आणि रजई सैल पसरल्यावर ४ सेंटिमीटर जाड दिसते असे धरू. तिचे आकारमान झाले १३२ लिटर. पॉलिएस्टरची घनता दर घन सेंटिमीटरला १.३८ ग्रॅम, म्हणजे १.३ किलो तंतूने व्यापलेली जागा सुमारे ९४० घन सेंटिमीटर. एक लिटरसुद्धा नाही! उरलेली १३१ लिटर निव्वळ हवा. नववीचा विद्यार्थी हे गणित पाच मिनिटांत करतो आणि मग थोडा वेळ गप्प बसतो. बाबांनी पैसे एक लिटर प्लास्टिकचे दिले, आणि ऊब दिली ती १३१ लिटर फुकटच्या हवेने.

पॉलिएस्टर स्वतः काही फार मोठे दुर्वाहक नव्हे. स्थिर हवेपेक्षा ते उष्णता पाच-सहा पट अधिक वाहून नेते. तेव्हा ‘कोणता पदार्थ गरम?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. मग एखादा हुशार मुलगा विचारतो (आणि त्याने विचारावे म्हणून थोडी वाट पाहावी), ‘सर, हवाच जर उबदार, तर नुसती रिकामी खोळ का नाही घ्यायची?’ खोळ रिकामी ठेवली तर दोन कापडे एकमेकांवर पडतील. काही करून ती दूर ठेवली, तरी मधली हवा स्थिर राहणार नाही. अंगाजवळची तापून वर जाईल, वरची गार होऊन खाली येईल, म्हणजे अभिसरण सुरू होईल. शिवाय अंगातून निघणारे अवरक्त प्रारण मोकळ्या हवेतून सरळ पार जाईल. तंतूंचे जाळे या दोन्ही वाटा अडवते. एक लिटर प्लास्टिकचे काम एवढेच: जागा धरून ठेवायची, हवेला हलू द्यायचे नाही आणि प्रारणाला वाटेत अडवायचे.

हे समजले की आमची चूकही समजते. तीच रजई वापरून वापरून ४ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटरवर आली, तर तंतू तेवढेच राहतात, हवा मात्र निम्म्याहून कमी होते. वजन तेच, ऊब जवळजवळ निम्मी. तराजूला यातले काहीच कळत नाही. कळते ते पट्टीला.

वेष्टनावरचा मजकूर याबाबतीत काय सांगतो? मोठ्या अक्षरांत ‘जीएसएम’ नावाचा आकडा असतो. त्याचा अर्थ एक चौरस मीटरला इतके ग्रॅम. वरच्या उदाहरणात तो सुमारे ४०० येतो. हेही वजनच, फक्त क्षेत्रफळाने भागलेले. हा आकडा निरुपयोगी नाही. एकाच प्रतीचा तंतू असलेल्या दोन रजयांची तुलना करायला तो चालतो. पण हे वजन नुसत्या भरणाचे की खोळीसकट सगळ्या रजईचे, हे पुष्कळदा लिहिलेले नसते, आणि जाडी तर मी पाहिलेल्या एकाही वेष्टनावर नव्हती.

असे लिहिणे अवघड आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत कपड्यांचा उष्णतारोध मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक सुचवले गेले. त्याच दशकात इंग्लंडमधील मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ‘टॉग’ हे एकक आले. दोन्ही नावे कपड्यांसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांवरून पाडलेली आहेत. १ टॉगचे पांघरूण घेतले आणि त्याच्या आतबाहेर १० अंश सेल्सिअसचा फरक असला, तर दर चौरस मीटरमधून १०० वॅट उष्णता निसटते. १० टॉगच्या पांघरुणातून तेवढ्याच फरकाला फक्त १० वॅट निसटते. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० वॅट उष्णता निर्माण करतो, हे शेजारी ठेवले की या आकड्यांना अर्थ येतो. ब्रिटनमध्ये रजईवर टॉग छापण्याची पद्धत आहे: उन्हाळ्यासाठी ४.५ किंवा त्याहून कमी, कडक थंडीसाठी १३.५ पर्यंत. आपली ४ सेंटिमीटरची रजई या हिशेबाने साधारण १० टॉगची भरते, आणि दबून २ सेंटिमीटरची झाली की सुमारे ५. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बहुधा १० ते १५ अंशांत असतो, एखाद्या लाटेत १० च्याही खाली जातो. पक्क्या घरात आत बरेच सुसह्य असते. पत्र्याच्या खोलीत मात्र छप्पर रात्रभर आकाशाकडे उष्णता फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. एकाच गावात दोन घरांना दोन वेगळ्या रजया लागतात त्या यामुळे.

आकड्याच्या जागी वेष्टनावर विशेषणे असतात. ‘एसी रजई’ हे नाव घ्या. ऐकणाऱ्याला ते भारी वाटते. प्रत्यक्षात ती वातानुकूलित खोलीत, म्हणजे २४-२५ अंशांत अंगावर घेण्याची पातळ रजई. पत्र्याच्या खोलीसाठी ती घेणे म्हणजे नावाला पैसे देणे. ‘मायक्रोफायबर’ म्हणजे फार बारीक तंतू, ज्याची ९००० मीटर लांबी एक ग्रॅमहून कमी भरते असा. तेवढ्याच वजनात तंतूंची संख्या आणि पृष्ठभाग वाढतो, म्हणून तो प्रारण चांगले अडवतो आणि हाताला मऊ लागतो. पण बारीक तंतू लवकर वाकतो आणि दबतो. ‘होलो’ किंवा पोकळ तंतूबद्दल दुकानात सांगतात की नळीतल्या हवेमुळे तो गरम असतो. हे ऐकायला छान आहे, पण नळीतली हवा भोवतालच्या १३१ लिटरपुढे अगदीच किरकोळ. पोकळीचा खरा फायदा ताठपणाचा आहे. तेवढ्याच वजनाचा भरीव दांडा आणि पोकळ नळी यांत नळी वाकायला कठीण. बांबू, गव्हाची काडी, सायकलची चौकट ही सगळी याच कुळातली. पोकळ, कुरळा तंतू दाबल्यावर पुन्हा उसळतो, त्यामुळे रजईची जाडी टिकते. उबेचे कारण तेच.

कापसाच्या रजईचे गुण गाणाऱ्यांचेही थोडे तपासले पाहिजे. पूर्वी थंडीच्या तोंडावर पिंजारी दारावर येत, धनुकलीचा टणत्कार गल्लीत घुमे, आणि दबलेला कापूस पुन्हा फुलून येई. आज ते काम गादी कारखान्यातले यंत्र करते. नव्याने पिंजता येणे ही कापसाची मोठी बाजू; फायबर एकदा गोळा झाले की ते सहसा टाकूनच द्यावे लागते. पण मुळात पिंजावे का लागे? कापसाचा तंतू पाणी धरतो. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. दोन किलोच्या रजईत १६० ग्रॅम पाणी! ओला तंतू लवचीकपणा गमावतो आणि दबतो. शिवाय पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. आपल्या आज्या रजयांना ऊन दाखवत त्यामागचे शास्त्र हेच.

‘फायबरमध्ये घाम येतो, ते श्वास घेत नाही’ हा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. रात्रभरात कातडीतून आणि श्वासातून मिळून साधारण पाव लिटर पाणी शरीराबाहेर पडते. यातली कातडीवरची वाफ तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेतून सहज जाऊ शकते. तिला अडवते ती बहुधा वरची गुळगुळीत, घट्ट विणीची सिंथेटिक खोळ. कापूस थोडा घाम शोषून ठेवतो म्हणून अंगाला कोरडे वाटते, हे खरे. तेव्हा आत फायबर आणि बाहेर सुती कापड ही जोडी चांगली. दुकानात आपण भरणाची चौकशी करतो, खोळीचा फक्त रंग बघतो.

वसतिगृहासाठी फायबरची आणखी एक बाजू निर्णायक आहे. ते धुता येते आणि उन्हात दिवसभरात वाळते. कापसाची रजई घरी धुणे जवळजवळ अशक्य. जिथे वीस-तीस मुले शेजारी झोपतात, लहान मुले अंथरूण ओले करतात आणि एकाची खरूज सगळ्यांना होते, तिथे ही सोय चैनीची नव्हे. खरजेचा किडा माणसाच्या कातडीबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात घातले तर औषधाला साथ मिळते.

आणि धोका? पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, मग २६० अंशांच्या आसपास वितळते. वितळलेला थेंब कातडीला चिकटून खोल भाजतो. कापूस वितळत नाही, पण ठिणगी पडली तर आतल्या आत धुमसत राहतो. शेकोटीजवळ रजई लपेटून बसण्याची मुलांची सवय दोन्हींच्या बाबतीत वाईटच. एक वर्षाच्या आतल्या बाळावर तर जाड, सैल रजई कुठलीच घालू नये. ती तोंडावर आली तर बाळाला दूर करता येत नाही, आणि अंग जास्त तापण्याचाही धोका असतो.

आता त्या मुलांकडे परत येऊ. रजई अर्धी खाली का घेत होती ती? कारण खाली शहाबादी फरशी आणि वर एक सतरंजी होती. फुगीर रजई अंगाखाली घेतली की शरीराच्या भाराने तिच्यातली हवा निघून जाते आणि तिचे नुसते जाड कापड उरते. वरचे पांघरूण कितीही चांगले असो, खालून उष्णता जातच राहते. अंगाखाली हवे ते भार सोसूनही जाडी सोडणार नाही असे काही: घट्ट भरलेली गादी, किंवा जुन्या लुगड्या-धोतरांचे थर शिवून केलेली गोधडी. आमच्या खरेदीत अंथरुणासाठी एक पैसा नव्हता. सगळा पांघरुणावर गेला होता, आणि तोही वजनावर.

दुकानात जाताना खिशात पट्टी ठेवावी. रजईची चौपदरी घडी घालून तिच्यावर एक मोठी वही आडवी ठेवा, उंची मोजा आणि चारने भागा. मग दोन्ही हातांनी मिनिटभर दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. पहिली उंची बरीचशी परत आली तर तंतूत जीव आहे. रजई उजेडासमोर धरा. मधूनच उजेड दिसत असेल तर भरण सगळीकडे सारखे नाही. फुगलेली दिसते पण चिमटीत धरल्यावर दोन्ही बोटे जवळजवळ एकमेकांना लागतात, अशी रजईही टाळावी. तिच्यात तंतू इतके विरळ असतात की प्रारण अडतच नाही. शिवणीच्या रेषांवर जाडी शून्य होते, म्हणून फार दाट शिवण नको. आणि शिवण फारच विरळ असली तर धुताना भरण एका कोपऱ्यात जमते. एक जाड रजई घेण्यापेक्षा दोन पातळ घेतल्या तर मध्यरात्री एक आणि पहाटे दोन असे करता येते, हेही लक्षात ठेवावे.

वर्गासाठी एक प्रयोग. झाकणासह सारखे तीन स्टीलचे पेले घ्या. जुन्या उशीतले फायबर समान वजनाचे दोन भाग करून ठेवा. तिन्ही पेल्यांत सारख्याच तापमानाचे, सुमारे ६० अंशांचे पाणी सारख्याच मापाने भरा. एक पेला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती फायबरचा एक भाग पातळ कापडात सैल गुंडाळा. तिसऱ्याभोवती दुसरा भाग दोऱ्याने जितका घट्ट आवळता येईल तितका आवळा. पेल्यांखाली जाड पुठ्ठा हवाच, नाहीतर उष्णता फरशीतून जाईल आणि तुमचा प्रयोग आमच्या वसतिगृहासारखा होईल. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून तासाभराचा आलेख काढा. तिसऱ्या पेल्याची रेषा कुठे जाईल, हे आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याभोवती तंतूंचे वजन सारखेच आहे, ही गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. वेळ उरला तर बर्फाचे दोन सारखे तुकडे आणा, एक ताटलीत उघडा आणि एक रजईत, आणि कोणता आधी वितळेल ते विचारा. ‘रजई गरम असते’ असे मानणारी मुले रजईतल्या बर्फाचे नाव घेतात. उसाच्या रसाचा गाडीवाला बर्फ गोणपाटात का गुंडाळतो, याचे उत्तर मग त्यांचे तेच शोधतात.

गेल्या खेपेला वसतिगृहासाठी आम्ही फुगीर, हलक्या, सुती खोळीच्या रजया घेतल्या आणि उरलेल्या पैशांत गावातल्या बायकांकडून गोधड्या शिवून घेतल्या. दुकानदाराने पट्टी बघून तोंड वाकडे केले, पण मोजू दिले. प्रत्येक रजईच्या कोपऱ्यावर शाईने क्रमांक घातला आहे आणि त्यापुढे घडीची उंची वहीत लिहिली आहे. मार्गशीर्ष लागला की आठवीची मुले पुन्हा मोजणार आहेत.